तारवाले सर आणि वांदा

जळगावच्या झाडंवाल्या मंडळींत मला ‘तारवाले सर’ म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, हे पूर्वी टपाल खात्यात असतील. तसं काही नाही. मी भुसावळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. तार म्हणजे हारवाल्याकडे मिळते ती, हिरवा कागद गुंडाळलेली, बारीक. ती मी एका ऑर्किडला लावली होती आणि भर प्रदर्शनात पकडला गेलो होतो. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

वीस वर्षं मी फळ्यावर विषुववृत्तीय जंगलं काढतोय. हिरव्या खडूनं उंच झाडं, पांढऱ्यानं पाऊस, आणि खाली ठरलेलं वाक्य : ‘येथे झाडांवर ऑर्किड वाढतात.’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण त्यातला ‘झाडांवर’ हा शब्द मी स्वतः कधी ऐकला नव्हता. हे मला कळलं ते फोनवरून मागवलेलं पहिलं ऑर्किड घरी आलं तेव्हा.

खोका उघडला. चार जाड पानं, आणि कुंडीत मातीच नाही! नारळाच्या शेंड्या आणि कोळशाचे तुकडे. वर मुळं कुंडीबाहेर लोंबत होती, पांढरी, पालीच्या शेपटीसारखी. मी बायकोला म्हणालो, “फसवलं बघ. मातीचं वजन वाचवलं लबाडांनी.” आबांना फोन लावला. आबा म्हणजे माझे वडील. आयुष्य रावेरकडच्या मळ्यात केळीत गेलं. रोप म्हटलं की त्यांचा शब्द शेवटचा.

आबा म्हणाले, “माती नाही? मंग रोप जगंन काशावर? आपली काळी माती पाठवतो. केळी येते तिच्यात, तुह्यं हे चार पानाचं काय घेऊन बसला!”

दुसऱ्या दिवशी गावाकडून येणाऱ्या गाडीनं गोणीभर काळी माती आली. मी शेंड्या-कोळसे फेकून दिले, मुळं नीट आत कोंबली, वरून माती दाबली, आणि केळीच्या ठिबकची एक नळी कुंडीत सोडली. महिन्याला देतात तसा खताचा डोसही दिला. आमच्याकडे कुणी माणूस आजारी पडला तरी मनात पहिला विचार ठिबकचाच येतो. अठराव्या दिवशी ऑर्किडची मान माझ्या हातात आली. खाली मुळं नव्हतीच, नुसता काळा गाळ होता.

मग मी वाचायला बसलो. म्हणजे आधी करायचं ते नंतर केलं. माझं मेलेलं रोप फॅलेनॉप्सिस जातीचं होतं. तिकडे फिलिपाइन्स-जावाच्या जंगलात ते झाडाच्या खोडाला धरून राहतं, पानं खाली कललेली, म्हणजे पाऊस पडला की पाणी गळ्यात न साचता निथळून जावं. मुळांना माती नकोच असते. त्यांच्यावर स्पंजसारखं पांढरं वेष्टण असतं. पाऊस आला, धुकं आलं, की ते पाणी ओढून घेतं आणि मूळ हिरवं दिसायला लागतं. नंतर वारा लागून सुकलं पाहिजे, पुन्हा पांढरं झालं पाहिजे. आणि मी त्याला काळ्या मातीत पुरलं होतं. हे त्या मुळांना कसं वाटलं असेल, हे आमच्याकडे पावसाळ्यात मळ्यात चप्पल रुतलेल्या माणसालाच कळेल.

दुसरं रोप मागवलं. या खेपेला माती नाही. कुंडी मोठी घेतली आणि शेंड्या कमी पडल्या म्हणून कूलरचं गवत भरलं, ते लाकडाचे पिवळे धागे असतात ते. आमचं बोअरचं पाणी इतकं खारं, की बादलीला आतून चुना लावल्यासारखा थर बसतो. ऑर्किडला ते चालत नाही. म्हणून शाळेसमोरच्या बँकेच्या एसीच्या पाइपाखाली मी रोज मधल्या सुट्टीत कॅन ठेवायला लागलो. वॉचमननं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “सर, घरी पाण्याचा लईच प्रॉब्लेम आहे का?”

रोप मात्र जगलं. डिसेंबर आला, रात्री गार पडायला लागल्या. फॅलेनॉप्सिसला फुलायला तसा गारवा लागतो, असंही मी वाचलं होतं. आणि एके दिवशी पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक बाहेर आलं. फुलाची दांडी! मी फोटो काढून जळगावच्या झाडंवाल्यांच्या ग्रुपवर टाकला : ‘खान्देशात ऑर्किड! जानेवारीच्या प्रदर्शनात भेटू.’ ऐंशी अंगठे आले. एकाने नमस्कार पाठवले. मी प्रदर्शनात नावही नोंदवलं.

आठवड्यात ती दांडी वळली, खाली गेली आणि पांढरी पडली. ते मूळ होतं. आयुष्यभर वर्गातल्या पोरांच्या दांड्या ओळखल्या, ही एक ओळखता आली नाही.

आता ग्रुपवर ‘मूळ निघालं’ असं लिहिता आलं असतं. दुसरा कुणी असता तर लिहिलं असतं. पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी जळगावला एक लग्न होतं. जेवून हात धुताना माझं लक्ष स्टेजच्या सजावटीकडे गेलं. तिथे जांभळ्या ऑर्किडचे तुरे हारीनं खोचलेले. नवरा-नवरी फोटोसाठी बाहेर गेले होते. मी त्यातला एक तुरा रुमालात घेतला. बायको म्हणाली, “अहो, काय करताय?” मी म्हणालो, “काही नाही, शास्त्र.”

प्रदर्शनात परीक्षक होत्या धुळ्याच्या अक्का. वय सत्तरीच्या पुढे, गुलाबातल्या दादा. सगळा खान्देश त्यांना अक्काच म्हणतो. त्यांच्या रोपवाटिकेतली कलमं नाशिकपर्यंत जातात. अक्का माझ्या कुंडीपुढे थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दोन बोटांनी तुरा धरून हलकेच ओढला. तुरा आला, मागून तार आली, आणि तारेमागून कूलरचं गवत.

“मास्तर,” अक्का म्हणाल्या, “पान एका घरचं अन् फूल दुसऱ्या घरचं. सोयरीक कोणी जमवली ही?”

माणसं हसली. मी पण हसलो, दुसरं करणार काय? अक्कांनी लाल पेन काढलं आणि माझ्या कुंडीपुढच्या कार्डावर शेरा लिहिला : ‘बनावट. खान्देशात ऑर्किड फुलत नाही.’ खाली सही.

ते कार्ड मी घरी आणलं. भुसावळ येईपर्यंत हातातच होतं. पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, त्यात खोट काढायला जागाच नव्हती. ते माझं होतं, मी कमावलेलं. पण दुसरं वाक्य? ते माझ्यावरचं नव्हतं. चोरी मी केली आणि शिक्षा खान्देशाला. बाहेरगावी कुठे गेलो, की लोक विचारतात, “भुसावळ? बाप रे, उन्हाळ्यात तिथे माणसं राहतात?” हो, राहतात. लग्नं करतात, पोरं होतात, भरीत खातात, दुपारी दार लावून झोपतात. आणि आता म्हणे फुलंही राहत नाहीत. मी त्याच दिवशी ठरवलं : पहिलं वाक्य मरेपर्यंत राहू दे, पण दुसऱ्यावर अक्कांच्याच हातानं, त्याच लाल पेनानं काट मारून घ्यायची.

बायको म्हणाली, “मारा काट. पण या घरात पुन्हा तार येणार नाही.”

ठरवलं, पण डोकं तेच होतं. मी जुन्याच्या जोडीला आणखी दोन फॅलेनॉप्सिस मागवले. एप्रिल लागला, ऊन तापलं, तसा मी मोठा कूलर आणला आणि त्याचं तोंड रोपांकडे केलं. मे महिन्यात आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. पारा पंचेचाळीसच्या वर. आबा खाटेवर, एका डोळ्याला पट्टी, अंगात घामानं भिजलेला सदरा. कूलरची सगळी गार हवा खिडकीतल्या तीन कुंड्यांना.

“अरे भो,” आबा म्हणाले, “मी तुह्या घरी पाव्हना आलो का ते आले?”

“आबा, त्यांना दमट हवा लागते. ते जंगलातले आहेत.”

“अन् मी काय थेटरातला हाये? मले एक डोळा हाये सध्या, त्यातही तेच दिसू राह्यलं!”

मी कूलर अर्धा वळवला. अर्धा म्हणजे आबांच्या पायांना वारा लागेल इतका. दोन दिवसांनी आम्ही त्यांना तपासायला दवाखान्यात नेलं आणि मागे लाईट गेली. चार तास घर बंद. परत आलो तेव्हा तिन्ही रोपांची पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी झाली होती. आबांनी उघड्या डोळ्यानं कुंड्यांकडे बघितलं आणि कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं.

जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे वादळ येतं आणि केळी आडवी करून जातं. त्या वर्षीही आलं. बागेची अवस्था बघायला मी गावी गेलो. केळी निम्मी पडली होती आणि बांधावरच्या जुन्या आंब्याची एक फांदी खाली आली होती. आबा तिच्यावर कोयता घेऊन बसले होते. फांदीवर, सालीला गच्च धरून, एक रोप होतं. दोन्ही बाजूंना ओळीत लागलेली, पट्ट्यासारखी, खरबरीत जाड पानं, आणि बाहेर लोंबणारी पांढरी मुळं. पालीच्या शेपटीसारखी.

“आबा, थांबा! काय आहे ते?”

“बांडगूळ. दुसरं काय? साठ वर्षं झाली, तोडतो, परत येते.”

मी खाली बसलो. बांडगूळ मला शाळेपासून माहीत होतं. ते फांदीत घुसतं, झाडाचा रस पितं. पण हे घुसलेलं नव्हतं. मुळं सालीवरून नुसती पसरली होती, पकडून होती, बस. मी बाटलीतलं पाणी त्यांच्यावर ओतलं. पांढरी मुळं माझ्या डोळ्यांदेखत हिरवी झाली.

मला आधी आनंद झाला की लाज वाटली, हे आजही सांगता येणार नाही. याच आंब्याखाली मी लहानपणी प्रत्येक मे महिन्यात झोपलोय. दगड मारून कैऱ्या पाडल्या, आणि कैरी मिळाली नाही तेव्हा याच ‘बांडगुळा’वर राग काढलाय. वर्गात फिलिपाइन्स दाखवायला नकाशावर काठी फिरवली. काठी जरा अलीकडे आणायची होती. नंतर भुसावळला येऊन पुस्तक उघडलं तर नावही सापडलं. वांदा. शास्त्रज्ञांनी आपल्याकडचा जुना शब्दच उचलून त्या सगळ्या गटाला दिलेला. सातपुड्यापासून श्रीलंकेपर्यंत आंब्यावर, मोहावर, बाभळीवर राहतं. पाऊस असताना पिऊन घेतं, उन्हाळा जाड पानांवर काढतं. आणि फुलतं कधी? उन्हाळ्यात.

त्या दिवशी बांधावर मात्र मी एवढंच म्हणालो, “आबा, हे झाडाचं काही खात नाही. फक्त बसायला जागा घेतं.”

“म्हंजे तुह्यासारखं,” आबा म्हणाले. पण कोयता बाजूला ठेवला.

फांदीचा तो हातभर तुकडा मी रोपासकट भुसावळला आणला. अंगणातल्या कडुनिंबाला बांधायचा होता. तारेला घरात बंदी, सुतळी मुळांना काचते. शेवटी डोळा दाखवायला आलेल्या आबांनीच केळीच्या खोडाचं सुकलेलं सोपट भिजवून दिलं. ज्याच्यानं आमच्याकडे केळीचे घड बांधतात, फुलांचे हार बांधतात, त्यानंच वांदा कडुनिंबाला बांधला. आबा म्हणाले, “ठिबक लावू नको.” मी म्हणालो, “नाही लावत.” “खत?” “नाही.” “कूलर?” मी सोपटाची गाठ आणखी आवळली.

जानेवारीत पुन्हा प्रदर्शन आलं. वांद्याला फूल नव्हतं, असणारही नव्हतं. मी तुकडा सोडवला, मोटरसायकलवर मांडीत घेतला आणि जळगावला नेला. नोंदणीच्या टेबलावर एक मुलगी फॉर्म भरत होती.

“रोपाचं नाव, सर?”

“वांदा.”

“काय वांदा झाला?”

“वांदा झाला नाही. वांदा आहे.”

“सर, काही प्रॉब्लेम असेल तर आधी कमिटीला भेटा.”

“अगं, नावच वांदा आहे!”

तिनं लिहिलं : ‘वांदा आहे.’ मी ते तसंच राहू दिलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “तारवाले सर आले! तार तपासा रे!” मी फांदी डोक्यावर धरून चारी बाजूंनी दाखवली. सोपट दाखवलं. टेबलावर सगळीकडे गुलाब, शेवंती, डेलिया, आणि मध्ये माझं हे, सुकलेल्या लाकडावर बसलेलं, फूल नसलेलं, धुळीनं माखलेलं रोप. मला त्याचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

अक्का आल्या. “फूल कुठे?”

“मे महिन्यात.”

“मे महिन्यात माझे गुलाबसुद्धा मान टाकतात, मास्तर.”

“गुलाब टाकत असतील.” मी खिशातून मागच्या वर्षीचं कार्ड काढलं. “यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसरं खोडायला तुम्हाला भुसावळला यावं लागेल. मे महिन्यात. दुपारी. फोटो पाठवणार नाही. माझ्या फोटोंवर कोणी विश्वास ठेवावा असं माझं चारित्र्य नाही.”

अक्कांनी कार्ड वाचलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आणि नाही फुललं तर?”

“तर खाली तिसरं वाक्य लिहा. जागा ठेवली आहे.”

बोललो खरा, पण पुढचे चार महिने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मार्चमध्ये कडुनिंबाची पानं झडली आणि परत आणून बांधलेला वांदा उघड्यावर पडला. बायको म्हणाली, “कापड तरी बांधा वरून.” मी नाही बांधलं. आंब्यावर कोण बांधत होतं? सकाळी एक फवारा मारायचो, बँकेच्या एसीचं पाणी, तेवढंच. पानं एका बाजूनं लालसर झाली. कूलर घरात सुरू असायचा आणि मी खिडकीतून त्या रोपाकडे बघत बसायचो. दोनदा कूलर अंगणात न्यायला उठलो, दोनदा बायकोनं प्लग काढून घेतला.

एप्रिलच्या शेवटी पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक आलं. या खेपेला मी ग्रुपवर काही टाकलं नाही. आठ दिवस नुसता बघत होतो, वळतंय का, पांढरं पडतंय का. वळलं नाही. त्याला गाठी आल्या, गाठींच्या कळ्या झाल्या, आणि मेच्या मध्यावर पहिली उघडली. मी धुळ्याला फोन केला.

“अक्का, या.”

“किती ऊन आहे तिकडे?”

“ऑर्किड फुलू नये, इतकं.”

त्या आल्या. मला वाटलं नव्हतं. सकाळची एसटी धरून, डोक्यावर पदर, त्याच्यावर ओला रुमाल, हातात पाण्याची बाटली. रिक्षा दारात थांबली तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बायकोनं गुळाचं पाणी दिलं, ते त्यांनी उभ्यानं प्यायलं. “आधी दाखवा,” म्हणाल्या.

कडुनिंबावर सात फुलं उघडली होती. उगाच वाढवून सांगत नाही. लांबून बघाल तर फूल आहे हेही कळणार नाही. रुपयापेक्षा थोडं मोठं, पिवळट-तपकिरी, त्यावर जाळीदार चौकड्या, जुन्या लुगड्याच्या कापडासारख्या. मधे फक्त जांभळी जीभ. लग्नाच्या स्टेजवर कोणी लावणार नाही. पण त्या झळांमध्ये त्याचा वास सुटला होता, गोड, पिकल्या द्राक्षासारखा, आणि सगळ्या आळीत त्या वेळी तेवढंच एक जिवंत होतं.

अक्कांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांचा हात पुढे गेला. दोन बोटांत फूल धरलं.

“ओढा,” मी म्हणालो. “हक्क आहे तुमचा.”

त्यांनी ओढलं. फूल त्यांच्या हातात आलं. मागून काही आलं नाही.

अक्का ते नाकाशी धरून उभ्या राहिल्या. मग एकदम, मला नव्हे, कडुनिंबाला सांगितल्यासारखं म्हणाल्या, “हाई ते आमना वावरमाबी व्हतं.” आणि फूल बोटांत फिरवत, “आम्हीन बठ्ठं तोडी टाकं.”

त्यांच्या वावरातही होतं, आणि त्यांनी ते सगळं तोडून टाकलं होतं. बांडगूळ म्हणून. दगड मारलेला एक आंबा माझ्याही खात्यावर होताच.

आत येऊन त्या कूलरपुढे बसल्या. मी कार्ड पुढे ठेवलं. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं आणि ‘खान्देशात ऑर्किड फुलत नाही’ यावर काट मारली. एक नाही, दोन, एकाखाली एक. बाजूला सही केली. मग पेन ‘बनावट’ या शब्दावर थोडं थांबलं.

“हे?” मी आशेनं विचारलं.

“हे राहू द्या,” अक्का म्हणाल्या. “हे खरं आहे.”

निघताना त्यांनी ते तोडलेलं फूल रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. मी म्हणालो, “अक्का, धुळ्यापर्यंत सुकेल ते.”

“सुकू द्या. इथे ठेवलं तर तुम्ही ते परत तारेनं लावाल.”

दार उघडं होतं. बाहेरून झळ आली आणि तिच्याबरोबर उरलेल्या सहा फुलांचा वास.